सायली, तुझ्या फोनच्या कामाबद्दल

प्रिय सायली,

परवा तुझा मेसेज आला : ‘मावशी, ही नोकरी सोडावी म्हणतेय. दिवसभर पेशंटना फोन करायचे आणि रकाने भरायचे. बरं करतात डॉक्टर, मी नुसती नोंद ठेवते.’ त्यावर मी लगेच काही लिहिलं नाही, कारण दोन ओळींत उरकण्यासारखं ते नव्हतं. हृदयरोग विभागांमधून तुझ्यासारखंच ट्रायल कोऑर्डिनेटरचं काम करणारी आणि तुझ्याइतकीच कंटाळलेली आणखीही मुलं-मुली असणार. त्यांच्याही हाती पडावं म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. नोकरी सोडायची की नाही ते तू ठरव. पण आपण नुसती नोंद ठेवतो असं मनात धरून सोडू नकोस.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात, ईसीजीच्या खोलीत गेली. बाई आत आली की आधी पडदा ओढायचा. पदर बाजूला, ब्लाउजचे हुक मोकळे, बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, मनगटांना आणि घोट्यांना क्लिपा, छातीवर जेली लावून सहा रबरी फुगे बसवायचे. ‘बोलू नका, हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या.’ मग यंत्रातून गुलाबी चौकटींची कागदी पट्टी सरकायला लागते, सेकंदाला २५ मिलिमीटर. लय सरळ असेल तर प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक बारीक उंचवटा दिसतो. ती पी वेव्ह, हृदयाचे वरचे दोन कप्पे वेळेवर आकुंचन पावल्याची खूण. एट्रियल फिब्रिलेशन असलं (आमच्या खोलीत सगळे ‘एएफ’ म्हणायचे) की तो उंचवटा नाहीसाच होतो. मधली रेघ थरथरत राहते आणि उंच टोकं वाटेल तेव्हा उमटतात. शंका आली की मी एका कोऱ्या कागदाची कड पट्टीला लावायची, ओळीने चार-पाच टोकांपाशी पेन्सिलीने खुणा करायची आणि तो कागद पुढे सरकवायची. लय नियमित असली तर खुणा पुढच्या टोकांवर बरोबर बसतात. एएफमध्ये त्या कुठेच बसत नाहीत. अशी पट्टी निघाली की त्यावर नाव, नंबर, वेळ घालून ती आधी डॉक्टरांच्या टेबलावर पोचवायची.

हे सगळं लिहिलं कारण त्या पट्टीवर माझा फार जीव होता, अजूनही आहे. आणि तरीही तुला सांगते, हृदयाच्या लयीवरच्या संशोधनातून गेल्या चाळीसेक वर्षांत मी जर एक गोष्ट शिकले असेन तर ती ही, की पट्टी सुधारली म्हणून माणूस वाचला असं होत नाही. माणूस वाचला की नाही हे पट्टीकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. ते कळतं, कुणीतरी सहा महिन्यांनी, वर्षाने, चार वर्षांनी पेशंटच्या घरी फोन करून ‘कसे आहेत ते?’ असं विचारतं तेव्हा.

१९८९ सालची गोष्ट घे. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटच्या पट्टीवर मधूनच जादा ठोके दिसतात, खालच्या कप्प्यातून अवेळी उठलेले, रुंद आणि वेडेवाकडे. असे ठोके ज्यांना जास्त पडतात त्यांच्यात अचानक मृत्यूही जास्त होतात, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. ठोके दाबणारी औषधंही हाताशी होती : एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड. मग विचार करण्यासारखं उरलं काय? ठोके धोक्याचे, औषधाने ठोके जातात, तर औषध द्यावं. अमेरिकेत डॉक्टर तसं देतही होते. पट्टी स्वच्छ व्हायची, पेशंट निर्धास्त व्हायचा, डॉक्टरही.

तिथल्या नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूटने ही समजूत तपासून बघायचं ठरवलं. त्या अभ्यासाचं नाव कास्ट. त्यांनी आधी पेशंटना औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जादा ठोके खरोखर कमी झाले त्यांनाच अभ्यासात घेतलं. म्हणजे औषध ज्यांना लागू पडलं होतं तेवढीच माणसं. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. निम्म्या लोकांना चांगल्या औषधापासून दूर ठेवणं हाच अन्याय, असं म्हणणारे डॉक्टर तेव्हा होते. खुद्द आखणी करणाऱ्यांनीही सुरुवातीला गणित मांडलं ते औषधाचा फायदा होतो की नाही, एवढंच मोजणारं. अपाय होईल ही शक्यता त्यात धरलेली नव्हती.

एप्रिल १९८९ मध्ये देखरेख समितीने ही दोन्ही औषधं मध्येच थांबवायला लावली. पुढे १९९१ मध्ये सगळे आकडे छापून आले. खरी गोळी मिळालेले ७५५, त्यांतले ६३ जण दगावले. औषध नसलेली गोळी मिळालेले ७४३, त्यांतले २६. तेही सरासरी दहा महिन्यांत.

हे आकडे पुन्हा एकदा वाच. ज्यांचे ठोके औषधाने आवरले गेले होते ती माणसं दुपटीहून जास्त संख्येने गेली. ही औषधं हृदयातल्या विजेचा प्रवास मंद करतात. ॲटॅकने स्नायूचा काही भाग मेलेला, काही अर्धवट रक्तावर जगणारा, अशा हृदयात तो प्रवास मंदावला की वीज एका जागी गोल गोल फिरत राहायला वाव मिळतो, आणि त्यातून प्राणघातक लय सुरू होऊ शकते. लहान ठोके गेले आणि मोठं संकट ओढवलं.

आता मला सांग, हे एकट्यादुकट्या डॉक्टरला कधी कळलं असतं का? ॲटॅक येऊन गेलेला पेशंट चार महिन्यांनी झोपेत गेला, तर डॉक्टर म्हणणार, हृदय कमजोरच होतं, आपण औषध चालू ठेवलं होतं तरी उपयोग झाला नाही. घरचेही तेच म्हणणार आणि डॉक्टरांना हात जोडून निरोप घेणार. गोळीवर संशय कुणाचाच जाणार नाही. फरक दिसायला दोन गट लागतात, आणि दोन्ही गटांतल्या प्रत्येक माणसाची खबर शेवटपर्यंत ठेवणारं कुणीतरी लागतं. ‘मृत्यू : तारीख, ठिकाण, परिस्थिती’ हा रकाना अमेरिकेतल्या कितीतरी रुग्णालयांत तुझ्यासारख्याच लोकांनी भरला. तो रकाना रिकामा राहिला असता तर ती औषधं अजून कितीएक वर्षं, चांगल्या मनाने, वाटली गेली असती.

फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, हेही सांगून ठेवते, नाहीतर तू उद्या कुणाच्या चिठ्ठीवर ते पाहून घाबरशील. ज्यांच्या हृदयाची ठेवण निकोप आहे अशा काही पेशंटना एएफसाठी ते देतात आणि ते उपयोगी पडतं. कास्टने सांगितलं ते, कुणाला द्यायचं नाही.

एएफच्या बाबतीतही वाट सरळ नव्हती. लय बिघडलीय तर ती ताळ्यावर आणावी, हे कुणालाही पटेल. शॉक द्यायचा, ॲमिओडॅरोनसारखं औषध द्यायचं, पट्टीवर पी वेव्ह परत दिसली की सगळ्यांना हायसं वाटायचं. २००२ साली अफर्म नावाच्या अभ्यासाने ४०६० पेशंट पाहिले. एका गटात लय सरळ ठेवायची खटपट केली, दुसऱ्यात लय आहे तशी राहू दिली आणि ठोक्यांचा वेग तेवढा आवरला. लय सरळ ठेवल्याने आयुष्य वाढलं नाही. मेंदूचे झटके दोन्ही गटांत आले, आणि बहुतेक त्यांना आले ज्यांनी रक्त पातळ करायची गोळी सोडली होती किंवा ज्यांचं रक्त पुरेसं पातळ राहिलेलं नव्हतं. पट्टी ठीक दिसतेय म्हणून गोळी बंद करण्यात किती धोका आहे, ते त्यातून कळलं.

मग २०२० मध्ये ईस्ट-अ‍ॅफनेट ४ हा अभ्यास आला आणि वेगळंच दिसलं. यात २७८९ पेशंट होते, एएफचं निदान होऊन वर्षही न उलटलेले. त्यांच्या लयीवर अगदी सुरुवातीपासून उपचार केले तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू, मेंदूचे झटके, हृदयासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागणं, हे सगळं मिळून वर्षाला शंभरात पाचावरून सुमारे चारावर आलं. मधल्या काळात काय बदललं होतं? फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल आयसागेर यांनी १९९८ मध्ये ४५ पेशंटच्या हृदयात तारा नेऊन दाखवून दिलं होतं की एएफला सुरुवात करून देणारे ठोके बहुतेक वेळा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठतात. त्यामुळे तिथेच चटके देऊन ती वाट तोडायची, म्हणजे ॲब्लेशन करायचं, हा उपाय मिळाला. औषधं वापरण्यातही सावधपणा आला होता. आणि लय सरळ झाली तरी रक्त पातळ करायची गोळी सोडायची नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा या दोन अभ्यासांत भांडण लावू नकोस. प्रश्न वेगळ्या वेळी, वेगळ्या पेशंटांना, वेगळ्या साधनांनी विचारला गेला होता.

ॲब्लेशनबद्दल एक मला फार आवडलेली गोष्ट. मोठी प्रक्रिया झाली की माणसाला बरं वाटू शकतं, मग ती उपयोगी पडलेली असो वा नसो. म्हणून ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १२६ पेशंटचे दोन गट केले, एकाचं खरं ॲब्लेशन केलं आणि दुसऱ्याचं फक्त तसं वाटेल एवढंच. कुणाचं काय झालं ते पेशंटना सांगितलं नव्हतं. २०२४ मध्ये निकाल आला आणि ॲब्लेशनचा फायदा खरा निघाला. एवढी वर्षं, जगभर इतक्या लोकांवर केल्यानंतरही त्यांना हे तपासावंसं वाटलं, आणि त्या सव्वाशे माणसांनी त्याला होकार दिला. मला त्या होकाराचं फार मोल वाटतं.

आता आपल्याकडच्या बायकांकडे येते, कारण त्यांच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

पाश्चात्त्य पुस्तकांत एएफ हा म्हातारपणाचा आजार. माझ्या खोलीत एएफची पट्टी निघायची ती अनेकदा तिशी-चाळिशीतल्या बाईची. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, कुणी फार मनावर घेतलं नाही. स्ट्रेप्टोकोकसचं ते दुखणं, त्यातून झालेला संधिवाताचा ताप. पुढे वर्षानुवर्षं मायट्रल झडप जाड होत, आकसत जाते. मग लग्न, बाळंतपण, आणि एक दिवस जिना चढताना धाप. झडप अरुंद झाल्याने डावा वरचा कप्पा फुगतो, फुगला की थरथरायला लागतो, आणि थरथरणाऱ्या कप्प्यातलं साचलेलं रक्त विरजण लागल्यासारखं गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं. अशा बायका आमच्याकडे यायच्या. ‘माझं बलून झालंय’, ‘माझा वॉल्व्ह बदललाय’ असं त्या स्वतःच सांगायच्या, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली.

त्यांना जन्मभराची सोबत म्हणजे रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा असिनोकूमॅरॉल, आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी. बहुतेकींचा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. मेथी-पालक जास्त झालं तरी आकडा हलतो, मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून घेतली तरी हलतो. आणि तो आकडा पाहायचा तर रक्त द्यायला यायचं. गावाहून पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडालेली, लेकरं शेजारणीकडे. रिपोर्ट दुपारनंतर. अनेक जणी दोन महिने यायच्या, मग चार महिने गायब.

म्हणून नव्या गोळ्या आल्या तेव्हा मला फार आशा वाटली होती. २००९ मध्ये डबिगॅट्रानचा अभ्यास आला, १८,११३ पेशंटांचा. पाठोपाठ रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन. ठरलेला डोस, पथ्य नाही, महिन्याच्या महिन्याला रक्त द्यायची कटकट नाही. पण ज्यांची मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली आहे असे पेशंट त्या मोठ्या अभ्यासांत घेतलेच नव्हते. म्हणजे आमच्या बायकांना त्यात जागाच नव्हती. त्यांच्यासाठी उत्तर मिळवायला वेगळा अभ्यास करावा लागला. त्याचं नाव इन्व्हिक्टस. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिका मिळून २४ देश, ४५३१ पेशंट, सरासरी वय पन्नास-एक्कावन्न, आणि शंभरातल्या सुमारे बहात्तर बायका. त्याच्या शोधनिबंधाच्या प्रमुख लेखकांपैकी एक, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन.

नवी गोळी निदान जुनीइतकी तरी चांगली ठरेल, असं बहुतेकांना वाटत होतं. ती जिंकावी असं मलाही मनापासून वाटत होतं, त्या एसटीच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून.

ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत निकाल जाहीर झाला. रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्या २२७५ जणांपैकी ५६० जणांच्या बाबतीत मेंदूचा झटका, इतरत्र गुठळी, हार्ट ॲटॅक किंवा मृत्यू, यांतलं काहीतरी घडलं. वॉर्फरिनच्या जातीची जुनी गोळी घेणाऱ्या २२५६ जणांत हा आकडा ४४६. मृत्यूही नव्या गोळीच्या गटातच जास्त झाले. जुन्या गोळीने रक्तस्राव जास्त होत असेल म्हणावं, तर त्यातही तसा ठळक फरक दिसला नाही. आणि लक्षात घे, जुन्या गोळीवाल्यांचा आयएनआर काही काटेकोर नव्हता. अभ्यास चालू असताना तो योग्य पट्ट्यात असलेले पेशंट शंभरात छप्पन ते पासष्ट एवढेच. तरीही जुनी गोळी सरस ठरली. कारण अजून नीट उलगडलेलं नाही, संशोधक त्यावर वाद घालताहेत.

विचार कर सायली, हा अभ्यास झालाच नसता तर? नवी गोळी सोयीची, कंपन्यांची माणसं दवाखान्यांतून फिरतायत, दुसऱ्या प्रकारच्या एएफमध्ये ती उत्तम ठरलेली, पेशंट स्वतःच मागतायत. दयेपोटीच ती दिली गेली असती. आणि त्या बायका एकेक करून गेल्या असत्या, धारावीत एक, परभणीकडे एक, कुठे पाड्यावर एक, आणि प्रत्येक घरात म्हटलं असतं, ‘तिचं हृदयच खराब होतं.’ कास्टच्या वेळी जे अमेरिकेतल्या पुरुषांच्या बाबतीत म्हटलं गेलं असतं तेच.

या निकालातून मला दिसतं ते असं : गोळी बदलता येत नसेल तर तपासणी जवळ आणा. बोटाच्या टोकातून थेंब घेऊन आयएनआर सांगणारी छोटी यंत्रं मिळतात, ती ग्रामीण रुग्णालयात पोचवा. आणि ज्या मुलीला संधिवाताचा ताप येऊन गेलाय तिचं ठरलेल्या आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकू देऊ नका, म्हणजे झडपेपर्यंत वेळच येणार नाही. यासाठी कुठलाही नवा शोध लागायला नको. पण वॉर्फरिनच चांगलं हे सिद्ध झाल्याशिवाय त्या यंत्रांवर खर्च करा असं ठासून सांगता तरी कसं आलं असतं?

तुझे बाबा हल्ली मनगटावरच्या घड्याळाचे आलेख घरच्या ग्रुपवर टाकतात. त्याबद्दल थोडं, कारण ते तुला विचारतील. २०१९ मध्ये ॲपलच्या घड्याळांचा अभ्यास स्टॅनफर्डने प्रसिद्ध केला, चार लाख एकोणीस हजारांवर लोकांचा. त्यांतल्या २१६१ जणांना ‘ठोके अनियमित’ असा इशारा मिळाला. ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तपासणी पुरी केली त्यांच्यापैकी साधारण एकतृतीयांश लोकांत एएफ सापडलं. बाकीच्यांत त्या पॅचच्या दिवसांत ते दिसलं नाही; एएफ येतं आणि जातंही, हे त्याचं एक कारण. म्हणजे घड्याळ उगाच ओरडत नाही, पण त्याच्या ओरडण्यावर गोळी सुरू करण्याइतकं ते पुरेसंही नाही. डेन्मार्कमध्ये त्याही पुढे गेले. सत्तरी ओलांडलेल्या काही लोकांच्या कातडीखाली सतत नोंद करणारं यंत्र बसवलं. त्यांच्यात एएफ जवळजवळ तिप्पट सापडलं, गोळ्याही दुपटीहून जास्त लोकांना सुरू झाल्या, पण मेंदूचे झटके खात्रीने म्हणता येईल इतके कमी झाले नाहीत. नंतर २०२३ मध्ये दोन अभ्यास आले, फक्त यंत्रातच दिसलेल्या अशा छोट्या एएफवर. एकात रक्त पातळ करायच्या गोळीने काही साधलं नाही आणि रक्तस्राव वाढला. दुसऱ्यात झटके कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला. तेव्हा बाबांना सांग, घड्याळाने सांगितलं तर साधा ईसीजी काढा, डॉक्टरांना दाखवा, वय, साखर, रक्तदाब पाहून ते ठरवतील. आलेख ग्रुपवर टाकून कुणी काही ठरवू नये.

संमतीपत्राबद्दल तू पूर्वी एकदा वैतागून लिहिलं होतंस, ‘आमच्यावर प्रयोग करता काय, असं विचारतात लोक’. त्यांना अडाणी समजू नकोस. गरीब माणसाला न सांगता औषधं देऊन पाहिल्याचे आरोप आपल्या देशात झालेत, न्यायालयापर्यंत गेलेत, आणि त्यातूनच नियम कडक होत गेले. २०१९ च्या नियमांत आचार समितीची मंजुरी, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, इजा झाली तर उपचार आणि भरपाई, आणि काही चाचण्यांत दुर्बल गटांतल्या माणसांच्या संमतीचं चित्रण, हे सगळं आहे. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर देणं हे तुझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. खरं उत्तर असं : ‘हो, अभ्यास आहे. दोन उपचारांतला कुठला चांगला ते डॉक्टरांना अजून माहीत नाही, म्हणून चिठ्ठी टाकून ठरवणार. नको असेल तर नाही म्हणा, मध्येच सोडायचं असेल तर सोडा, तुमचा नेहमीचा उपचार थांबणार नाही.’ डॉक्टरांना माहीत नाही, हे पेशंटसमोर मोठ्याने म्हणायला आपल्याकडे धाडस लागतं. ते म्हण. पेशंट बाई असेल तर सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला सांगून भागवू नकोस, तिला सांग. अंगठा उठवणारी असेल तर तटस्थ साक्षीदार तिला वाचून दाखवेपर्यंत थांब. ती घरी जाऊन विचार करून येते म्हणाली तर जाऊ दे.

आणि आता तुझे फोन. नंबर बदललेला असतो, सिम मुलाच्या नावावर असतं आणि मुलगा पुण्याला गेलेला असतो, ‘ती गावाला गेलीय’ एवढंच उत्तर मिळतं, हे मला माहीत आहे. तिथे बहुतेकांना हात टेकावेसे वाटतात. टेकू नकोस. जी माणसं सापडत नाहीत ती सगळी सारखी नसतात. ठणठणीत बरी झालेली सापडत नाहीत, तशी खूप आजारी पडलेली आणि गेलेलीही सापडत नाहीत. एका गटातली जास्त हरवली तर आकडा खोटा होतो, आणि तो खोटा झालाय हे कागदावर दिसतही नाही. म्हणून पेशंटला अभ्यासात घेताना, त्यांच्या परवानगीने, एक घरचा नंबर आणि एक गावचा नंबर घेऊन ठेव. किराणा दुकानाचा चालेल, आशाताईंचा असेल तर फारच बरं. गावाकडचा पत्ता नुसता ‘मु. पो.’ वर सोडू नकोस, वाडी कुठली तेही विचार. पुढची तारीख सणाच्या आणि कापणीच्या दिवसांत पडत नाही ना, ते आधी बघ.

फोनवर कळलं की ती बाई गेली, तर पटकन रकान्याकडे वळू नकोस. घरचं माणूस बोलेल ते आधी ऐक. मग विचार : कधी, घरी की दवाखान्यात, आदल्या दिवशी कशी होती, एकाएकी झालं की धाप वाढत गेली होती, गोळ्या चालू होत्या का, शेवटचा आयएनआर कधी केला होता. कुठल्या डॉक्टरांकडे नेलं होतं तेही, म्हणजे कागद मिळवता येतील. ‘एकाएकी’ आणि ‘हळूहळू’ यांतला फरक नीट लिही. इन्व्हिक्टसमध्ये मृत्यूंतला फरक कुठून आला ते तपासताना अशाच नोंदींवर भिस्त होती, आणि तो फरक मुख्यतः अचानक आलेल्या मृत्यूंत आणि हृदयाचा पंप थकून झालेल्या मृत्यूंत दिसला. कुणीतरी फोनवर हे धीराने विचारलं होतं म्हणून ते वेगळं काढता आलं.

दिवाळीला येशील तेव्हा तुमच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा घेऊन ये. आचार समितीकडे बदल सुचवायची सोय असते ना? दोघी बसून तो वाचू. माझ्या खोलीत आलेली एखादी बाई तो ऐकत बसलीय असं समजून मी प्रत्येक वाक्यावर तुला प्रश्न विचारीन, आणि जिथे तिला कळणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करू.

तुझी,
मावशी